शंभर टक्के महाराज

"आत्म्याला मरण नाही, आणि बॅटरीलाही मरण नाही! मरते ती फक्त माणसाची श्रद्धा!"

शंभर टक्के महाराजांनी दोन्ही हात वर करून हे जाहीर केलं आणि त्याच क्षणी त्यांचा माईक बंद पडला. सेल संपले होते.

हिरवा टी-शर्ट घातलेला एक सेवक समोरच्या दुकानात नवे सेल आणायला धावला. तेवढ्या वेळात महाराज डोळे मिटून उभे राहिले. "मौन धरलंय," पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि पाहता पाहता तीनशे माणसांनी हात जोडले. प्रत्येकाच्या मांडीवर किंवा काखेत एकेक लॅपटॉप होता. कुणाचा पाच मिनिटांत मान टाकणारा, कुणाचा वायर काढली की डोळे मिटणारा, तर कुणाचा पोट फुगल्यामुळे झाकण न लागणारा.

सभा भरली होती ती बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात. "सोफ्यांवर तीस टक्के सूट" ही पाटी अजून खांबावरच होती. त्या खांबाला टेकून वॉरंटीबाई उभी होती.

तिला सगळा बाजार वॉरंटीबाई म्हणायचा. लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात ती बावीस वर्षं काउंटरवर होती. बिघडलेली वस्तू उघडून बघायची, नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं, आणि मग ते वॉरंटीत बसत नाही हे समजावून सांगायचं, असं तिचं काम. तिच्याकडे येणारा माणूस आशा घेऊन यायचा आणि फॉर्म घेऊन जायचा.

"बॅटरी म्हणजे रबरी चप्पल समजा," ती सगळ्यांना सांगे. "वापरली की झिजते. जपून वापरली तर हळू झिजते, उन्हात आणि गादीवर तापवली तर भराभर झिजते, आणि न वापरता कपाटात ठेवली तरी झिजते."

हे शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच ते ऐकायला कुणी यायचं नाही.

आज ती इथे आली होती ती धाकट्या बहिणीमुळे. धाकटी अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. दहावीची पुस्तकं ब्रेलमध्ये वेळेवर मिळत नाहीत म्हणून तिने अडीच वर्षं रोज शाळा सुटल्यावर बसून सगळे धडे मोठ्याने वाचून रेकॉर्ड केले होते. इतिहास, भूगोल, विज्ञान, भाषा, सगळे मिळून तीनशे बारा धडे. परीक्षा साडेपाच आठवड्यांवर आली होती, अकरा मुलं त्या धड्यांवरच विसंबून होती, आणि ते सगळेच्या सगळे तिच्या एका लॅपटॉपमध्ये होते. लॅपटॉपची जागा संपली होती आणि बॅटरीही संपत आली होती.

धाकटी आधी बहिणीच्याच काउंटरवर आली होती. वॉरंटीबाईने तपासून सांगितलं, "मूळ ताकदीच्या एकतीस टक्के उरलीय. बॅटरीची वॉरंटी एक वर्षाची, तुझं तिसरं वर्ष चालू आहे."

"लॅपटॉपची तर तीन वर्षांची आहे ना?"

"लॅपटॉपची आहे. बॅटरी हा झिजणारा भाग. त्यात बसत नाही."

"बरं, जागा तरी वाढवून दे."

"खाली एक मोकळी खाच आहे. तिच्यात दुसरी डिस्क बसते. मागवावी लागेल, अठरा दिवस, तेही कामाचे. आणि लॅपटॉप आत घेतला की नियमाप्रमाणे सगळं पुसून घेतात. त्याला हरकत नाही अशी इथे सही कर."

धाकटीने फॉर्म मागे सरकवला. "ताई, तुझ्याकडे 'नाही'शिवाय दुसरा शब्द आहे का गं?"

"आहे ना. दोन प्रती ठेव. बाहेरची चांगली डिस्क घे, तिच्यात एक प्रत, लॅपटॉपमध्ये एक. मग बॅटरीचं बघू."

"शाळेकडून डिस्क मंजूर व्हायला परीक्षा उलटून जाईल," धाकटी म्हणाली आणि लॅपटॉप उचलून निघून गेली. जाताना तिने फॉर्मसुद्धा नेला नाही, यावरून ती महाराजांकडे जाणार हे वॉरंटीबाईला कळलं.

माईकला नवे सेल मिळाले. महाराजांचं मौन सुटलं.

महाराज पूर्वी मोठ्या दुकानांत मिक्सर विकायचे. झाकण न लावता मिक्सर चालवून दाखवायचा, पुढच्या रांगेवर काही उडू द्यायचं नाही, आणि हात चालू असताना तोंड थांबवायचं नाही, हे शिक्षण त्यांना तिथेच मिळालं होतं. आता तेच तोंड अध्यात्माकडे वळलं होतं.

"लोक म्हणतात बॅटरी झिजली! अरे, झिजून गेली कुठे? हवेत गेली? तुमच्या नातेवाइकांकडे गेली?" लोक हसले. "ती दमलीय! तिला तुम्ही रात्रंदिवस चार्जरला बांधून ठेवलंत. तिला मोकळं करा, स्पर्श करा, नमस्कार करा! पुढे कोण?"

धाकटी पुढे झाली.

वॉरंटीबाई पाहत होती. सेवकाने आधी लॅपटॉपचा आवाज बंद केला. "प्रथम मौन," महाराज म्हणाले. "घरी गेल्यावरही आवाज सुरू करायचा नाही. मौन सुटलं की सिद्धी सुटली." मग सेवकाने पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला. "मंद प्रकाश. साधनेची दुसरी पायरी." त्यानंतर त्याने लॅपटॉप पालथा केला आणि स्क्रू काढले. शेवटच्या स्क्रूवर कंपनीचा बारीक कागदी शिक्का होता. तो नखाने खरवडल्याचा आवाज तीनशे माणसांत फक्त एकीला ऐकू आला.

"अहो, थांबा! तो शिक्का—"

"श्शू!"

"शिक्का तुटला की वॉरंटी जाते!"

मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ वळले. "बाई, निदान इथे तरी फॉर्म भरायला लावू नका."

सगळे हसले. धाकटीने मागे वळून पाहिलं नाही.

बॅटरीभोवती हिरवी फीत गुंडाळली गेली. महाराजांनी डोळे मिटून तिच्यावर तळहात ठेवला. सेवकाने लॅपटॉपला पेनड्राइव्हची काडी जोडून काहीतरी आत टाकलं. झाकण लागलं, लॅपटॉप सुरू झाला, आणि पडद्याच्या मधोमध हाताच्या पंजाएवढा हिरवागार आकडा उगवला. शंभर टक्के.

सभेतून एक लांब सुस्कारा निघाला. एक आजोबा तर उठून उभेच राहिले.

"आता जागा!" महाराजांनी खिशातून काड्यापेटीएवढी चकचकीत डबी काढली. "ही अक्षय डबी. दोन हजार जीबी! तुमचा सगळा संसार हिच्यात मावेल आणि वर पाहुण्यांना जागा उरेल. पण एक पथ्य आहे. जुन्याचा मोह सोडायचा! डबीत गेलं की लॅपटॉपमधलं पुसायचं. दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे संशय. आणि संशय आला की मी नाही."

धडे डबीत जायला तीन तास लागले. वॉरंटीबाईला काउंटरवर परतायचं होतं, ती दोनदा निघाली आणि दोनदा थांबली. शेवटी गर्दीतून वाट काढत ती बहिणीजवळ पोहोचली.

"पुसू नकोस. दोन दिवस थांब. आधी ऐकून बघ."

"डबी दोन हजार दाखवतेय, ताई. तीनशे बारा नावं दिसतायत. मोजून बघ."

"नावं दिसतात गं. नावांना जागा लागत नाही."

"तू 'होईल' म्हणाली असतीस तर मी इथे आले असते का?" धाकटी हळू आवाजात म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या पुस्तिकेत नव्हतं. वॉरंटीबाई ते शोधत असतानाच धाकटीने स्वतःच्या बोटाने तीनशे बारा धडे पुसले आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

त्यानंतरचा आठवडा वॉरंटीबाईने रिकाम्या काउंटरवर काढला. तिचे साहेबसुद्धा दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर हिरवा आकडा होता.

"सर, आपण अधिकृत केंद्र आहोत," ती म्हणाली.

"कंपनीचं धोरण कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही," साहेब म्हणाले. "आणि खरं सांगू का, अर्धा तास जास्त चालतो."

चालणारच. पडद्याचा उजेड निम्मा केला की कुठलाही लॅपटॉप जास्त चालतो. ती हे सांगणार होती, पण साहेब तोंड पडद्याला चिकटवून अंधारात पत्र वाचायच्या खटपटीत होते.

आठव्या दिवशी तिला फोन आला. शाळेच्या ऑफिसातले कारकून काका बोलत होते. काका जन्मापासून अंध. तीस वर्षं शाळेचा सगळा पत्रव्यवहार ते कळांवर बोटं ठेवून करायचे, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोरावर. त्या प्रोग्रॅमला ते हेडमास्तर म्हणायचे, कारण कुणाला बढती मिळाल्याची बातमी असो नाहीतर कुणी गेल्याची, तो एकाच सुरात सांगायचा.

"बाई, जरा येऊन जा," काका म्हणाले. "पहिल्या धड्यात राजा युद्धाला निघाला आणि वाक्याच्या मध्येच लहान आतड्यात शिरला."

"म्हणजे?"

"म्हणजे इतिहास चालू असता असता पचनसंस्था सुरू झाली. मुलं म्हणतायत राजाला कुणीतरी गिळलं."

ती पोहोचली तेव्हा धाकटी वर्गाबाहेरच्या बाकावर बसली होती. डबी वर्गातल्या जुन्या संगणकाला लावली होती. आधीच्या धड्यांपैकी बरेचसे उघडतच नव्हते. जे उघडत होते त्यांत भाषेच्या कवितेतून खडकांचे प्रकार निघत होते आणि खडकांमधून विजेचा दाब. शेवटचे शंभर-सव्वाशे तेवढे नीट होते.

"मी महाराजांना जाऊन विचारलं," धाकटी म्हणाली. "ते म्हणाले, ज्ञान एकरूप होतंय."

वॉरंटीबाईने डबी हातात घेतली. काकांनी हात पुढे केला, म्हणून त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती कानाशी हलवली.

"आत दोन लोखंडी वस्तू आहेत. सुट्या."

तिने डबी उघडली. आत नखाएवढं एक मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं, आणि वजन वाटावं म्हणून दोन नट. मोबाइलमध्ये घालतात तसलं कार्ड. त्याची खरी जागा बत्तीस जीबी. त्याला फक्त खोटं बोलायला शिकवलेलं. किती जागा आहे असं कुणी विचारलं की दोन हजार म्हणायचं. बत्तीस भरले की हे कार्ड कुरकुर करत नाही, "आणा, आणा" म्हणतं आणि पुन्हा पहिल्या पानापासून जुन्यावरच लिहायला लागतं. नावांची यादी वेगळी असते, ती तशीच राहते. म्हणून नावं तीनशे बारा, आणि आत माणसं दुसरीच.

हे सगळं तिने नीट, सावकाश सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"मग आता ते परत आण."

"वरून लिहिलं की खालचं राहत नाही."

"लॅपटॉपमधून आण. तिथे होतं ना."

"हल्लीचे लॅपटॉप पुसलेली जागा आपणहून झाडून ठेवतात. मी बघते. पण..."

"तुमच्या कंपनीकडे पाठव. मोठ्या ठिकाणी. काहीतरी असेल त्यांच्याकडे."

"शिक्का तुटलाय गं. ते वॉरंटीत—"

"बसत नाही," धाकटी म्हणाली.

वर्गात कुणीतरी विजेच्या दाबाचा धडा पुन्हा लावला. दोघी धाकटीचाच आवाज ऐकत बसल्या. त्या दिवशी तिला सर्दी झालेली असावी.

तरीही वॉरंटीबाईने लॅपटॉप घेतला, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत स्वतः खपली, माहीत असलेले सगळे उपाय केले आणि माहीत नसलेले दोन केले. हाती लागलं ते एका धड्याच्या सुरुवातीचं "धडा क्रमांक" एवढंच. कुठल्या धड्याचा क्रमांक, ते नव्हतं.

ती लॅपटॉप परत द्यायला शाळेत गेली तेव्हा काकांनी तो मांडीवर घेतला, आवाज सुरू केला, त्यातलाही हेडमास्तर जागा केला, कानाला हेडफोन लावून थोडा वेळ कळा दाबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं.

"रविवारी सभा असते ना? मला न्या. हा पण न्या."

"काय सापडलं, काका?"

"सापडलं नाही, तेच तर सांगायचंय," काका म्हणाले. "आणि तुमच्या बहिणीला म्हणावं, डोळ्यांवर एवढा भरवसा बरा नाही."

रविवारी गर्दी आणखी वाढली होती. वॉरंटीबाईच्या आधाराने काका रांगेत उभे राहिले. धाकटी यायला तयार नव्हती, पण आली आणि दारातच थांबली. नंबर आल्यावर महाराजांनी काकांचा काळा चष्मा पाहिला आणि त्यांचा आवाज एकदम मखमली झाला.

"या, काका! दृष्टी मागायला आलात?"

"छे हो. आवाज मागायला आलोय. बॅटरी भरलीय का एवढं बघून द्या."

महाराजांनी पडदा लोकांकडे फिरवला. हिरवा आकडा झळकला. "शंभर टक्के! ही आमच्याच हातची आहे. टाळ्या!"

टाळ्या थांबेपर्यंत काका थांबले. मग त्यांनी चाचपून एक कळ दाबली आणि टेबलावरचा माईक लॅपटॉपजवळ सरकवला. हेडमास्तर बोलू लागला.

"चित्र. वर्णन नाही."

पुढच्या रांगेतल्या माना वर झाल्या.

"मला कळलं नाही," काका म्हणाले. "पडद्यावर काहीही लिहिलेलं असलं, आकडा असला, तारीख असली, की हा वाचतो. तुम्ही शंभर म्हणता, हा चित्र म्हणतो. फुलाचा फोटो चिकटवला की हा असंच म्हणतो." पुन्हा कळ दाबली.

"चित्र. वर्णन नाही."

"आता लॅपटॉपचा स्वतःचा अहवाल ऐकू या. तो या चित्रामागे असतो. मला तिथपर्यंत जायला डोळे लागत नाहीत." चार कळा दाबल्या गेल्या.

"बॅटरी," हेडमास्तर त्याच सुरात म्हणाला. "सध्याची क्षमता, मूळ क्षमतेच्या एकतीस टक्के."

"एकतीस!" कुणीतरी पुटपुटलं.

"यंत्राला दृष्टी नाही!" महाराज ओरडले. "यंत्राला अंतरंग दिसत नाही!"

"मलाही नाही, महाराज," काका म्हणाले. "म्हणूनच आमचं दोघांचं जमतं."

मागून एक हसू फुटलं आणि ते पसरत पुढे आलं. तेवढ्यात वॉरंटीबाई पुढे झाली. हिरवं चित्र तिने बाजूला सारलं, मागचा छोटा खरा आकडा सगळ्यांना दाखवला. पडद्याचा उजेड वाढवला, तशी चालायची वेळ भराभर खाली आली. मग अक्षय डबी उघडून गोंदाने चिकटवलेलं नखभर कार्ड दाखवलं. दोन नट तिने टेबलावर टाकले. त्यांचा आवाज माईकमधून छान घुमला.

"ज्यांच्याकडे डबी आहे त्यांनी जुनं पुसलं नसेल तर पुसू नका," ती म्हणाली. "ज्यांनी पुसलंय..." बावीस वर्षांत वापरलेले सगळे शब्द तिने मनातल्या मनात चाळून पाहिले.

आता लोक महाराजांवर धावून जातील असं वाटून सेवकाने हिरवा टी-शर्ट उलटा करून घातला. पण कुणी धावलं नाही. महाराजांनी शांतपणे माईक बंद केला, "आज सभेत संशय फार आहे, कार्य होणार नाही," असं म्हणाले, आणि मागच्या दाराने गेले. पुढच्याच आठवड्यात ते दुसऱ्या भागात मोबाइलच्या कॅमेऱ्यांची नजर सुधारताना दिसले.

लोक धावले ते वॉरंटीबाईकडे.

"बाई, माझा शिक्का तुटलाय. चालेल ना?"

"बसत नाही."

"माझ्या मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो त्या डबीत आहेत."

"किती होते?"

"बारा हजार."

"शेवटचे काही मिळतील."

"शेवटचे सगळे जेवणाच्या पंगतीचे आहेत हो!"

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" एक बाई तिच्यावर खेकसली. ही तीच, पहिल्या सभेत जिला मौन कळलं होतं. वॉरंटीबाईने पुढचा लॅपटॉप ओढला. तिने त्रेसष्ट लॅपटॉप पाहिले आणि त्रेसष्ट वेळा तेच वाक्य म्हटलं. एका फुगलेल्या बॅटरीच्या मालकाला तेवढं तिने दरडावून बसवलं, कारण महाराजांच्या सल्ल्यावरून तो ती पुस्तकांच्या ढिगाखाली दाबून सपाट करत होता. "ती कुठल्याही क्षणी पेट घेईल, घरात ठेवू नका," हे ऐकल्यावर त्याने ती घाईघाईने तिच्याच हातात दिली.

शेवटी पहिल्या सभेत उठून उभे राहिलेले ते आजोबा आले.

"पटलं हो, सगळं पटलं," ते म्हणाले. "फसवणूकच आहे. पण ते हिरवं शंभर माझ्या पडद्यावरून काढू नका. सकाळी उघडलं की बरं वाटतं."

परीक्षेला आता साडेतीन आठवडे उरले होते.

शाळेच्या जुन्या सामानाच्या खोलीत धाकटीने पुन्हा बैठक मांडली. बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीला दोन घोंगड्या, टेबलावर माईक आणि पुस्तकांची चळत. लॅपटॉप भिंतीतल्या वायरीला जोडलेला, कारण वायर काढली की तो चाळीस मिनिटांत निजायचा. गेलेले धडे एकशे नव्वदच्या आसपास होते. रोज नऊ वाचले तर परीक्षेच्या आधी तीन दिवस संपणार होते, आवाज टिकला तर. मुलांनी ते ऐकायचे कधी, हा हिशेब तिने मांडलाच नव्हता. वॉरंटीबाईने स्वतःच्या पैशांनी दोन डिस्क आणल्या होत्या, दोन्ही आधी काठोकाठ भरून, पुन्हा वाचून, तपासून, मग रिकाम्या करून. तिला तेवढंच करता येत होतं.

डिस्क टेबलावर ठेवल्या आणि तिला राहवलं नाही. आठवडाभर घशाशी आलेलं सगळं बाहेर पडू लागलं.

"मी काय म्हणते, लोकांना एवढं साधं कसं कळत नाही? बॅटरी झिजते. कुणी हात ठेवला म्हणून ती भरून येत नाही. झिजली की बदलायची, संपलं. डबीवर दोन हजार लिहिलंय म्हणून दोन हजार धरायचं नाही. भरून बघायचं, परत वाचून बघायचं, मग विश्वास ठेवायचा. जपायचं ते दोन ठिकाणी ठेवायचं. आणि जो जुनं पुसायला सांगतो ना, त्याला पहिल्यांदा विचारायचं, बाबा रे, ते राहिलं तर तुझं काय जातं? जो पडताळून बघू नका म्हणतो, त्याचंच आधी पडताळून बघायचं. याला काही मोठी विद्या लागत नाही. एक प्रश्न लागतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी. आम्ही काउंटरवरची माणसं नाही म्हणतो ते दुष्टपणाने नाही म्हणत. खरं जे असतं ते पुष्कळदा नाहीच असतं, त्याला कोण काय करणार? आमचंही चुकतं, म्हणा. फॉर्म पुढे करण्याआधी समोरच्याचं काय जातंय ते विचारायला हवं. पण लोकांनीही..."

धाकटीने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं होतं. तिने हेडफोन एका कानावरून सरकवला.

"झालं, ताई?"

"थोडं राहिलंय."

"मग ते बाहेर जाऊन बोलशील का? आणि दार हळू लाव. कडीचा आवाज आत येतो."